आईला दिसलेली गावं

आमच्या वाटूरच्या बचत गटाच्या बायका दर वर्षी बस करून फिरायला जातात. तूर घरात आलेली असते, हरभरा अजून रानात उभा असतो, तेवढ्या मधल्या दिवसांत हाताला जरा उसंत मिळते. कुठे जायचं ते संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला ठरतं. ठरतं म्हणजे भांडण होतं. एकीला समुद्र पाहायचा असतो, एकीचे गुडघे दुखतात म्हणून तिला चढण नको असते, आणि एक तर दर वर्षी बस आपल्या लेकीच्या गावावरून न्या म्हणून हटून बसते, मग ते गाव वाटेत असो की नसो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मोबाइलवर नकाशा काढून रस्ते सांगायचं काम माझ्याकडे. चार दिवसांत रामेश्वर होत नाही, हे मी दर वर्षी नव्यानं समजावते आणि दर वर्षी मीच वाईट ठरते.

मधली काही वर्षं हे भांडण झालंच नाही. त्या वर्षांत जागा माझी आई सांगायची.

आधी आमच्या घरचं सांगायला हवं. मी कॉलेजात होते तेव्हा गावातून द्वारकेला बस गेली होती. त्या बसमध्ये आबा, म्हणजे माझे वडील, एकटेच गेले. आईला तेव्हा ताप होता. द्वारकेला दर्शन झालं, जेवणं झाली, सगळे बसमध्ये बसले, आणि आबा "आलोच" म्हणून खाली उतरले. ते आलेच नाहीत. बस अंधार पडेपर्यंत थांबली, मग निघाली. धाकटा काका जाऊन शोधून आला, पोलिसांत फोटो दिला, धर्मशाळा पालथ्या घातल्या. माणूस सापडला नाही आणि माणसाचं काही झाल्याची खबरही आली नाही. घरात भांडण नव्हतं, कुणाचं देणं नव्हतं. शेतात कापूस उभा टाकून माणूस "आलोच" म्हणून जातो आणि येत नाही, याचा मला दुःखापेक्षा संताप जास्त होता. अजूनही कधीकधी येतो.

आईनं कुंकू पुसलं नाही. पुसायचं कारणच काय, असं ती म्हणायची. पण गावाला दुसऱ्याच्या कपाळाची फार काळजी असते. हळदी-कुंकवाला बायका ओळीनं बसायच्या, करंडा घेतलेली बाई एकेकीला बोट लावत पुढे यायची आणि आईसमोर आली की तिचं बोट जरा थबकायचं. लावायचं की नाही? सवाष्ण की नाही? तेवढ्या एका थबकण्यानं माझ्या अंगाची लाही व्हायची. मी शाळेत मुलांना शिकवते की विधवेलाही कुंकू लावावं, सगळ्यांना लावावं, त्यात काही नाही. पण तिथं ते भाषण तोंडातून फुटायचं नाही. कारण आईला सगळ्यांसारखं कुंकू नको होतं. तिला तिचंच हवं होतं.

एका वर्षी भांडण अगदी रंगात आलेलं असताना आई म्हणाली, "मला एक जागा दिसली सपनात."

एरवी ती बोलायची नाही, म्हणून सगळ्या तिच्याकडे वळल्या. आईनं डोळे मिटून सांगितलं, "समुद्र हाय. काठाला पिवळी भित हाय. भितीला टेकून सायकल उभी हाय, तिच्या मागं निळा डबा बांधलेला. अन् वर मोठ्ठं देऊळ, झेंडा फडफडून राह्यला."

एकीचा भाचा गुजरातेत नोकरीला होता. ती म्हणाली, हे तर सोमनाथ. मग गटातली सगळ्यात थोरली बाई हात जोडून म्हणाली, "हे बोलावणं हाय बायांनो. देवानं बोलावल्याबिगर तिथं जाणं होत न्हाई. हिच्या तोंडून आपल्याला बोलावणं आलंय."

आमच्याकडे हे असंच असतं. तिकीट काढलं, रजा मिळाली, बस ठरली तरी त्याला कुणी जाणं म्हणत नाही. बोलावणं यावं लागतं. ते एकदा आलं म्हटल्यावर वाद कोण घालणार? त्या दिवशी करंडा आईसमोर आला तेव्हा बोट थबकलं नाही. उलट पहिलं कुंकू तिलाच लावलं.

खरं सांगते, मला वाटलं आईनं स्वप्न रचलं. मान मिळवायला रचलं असेल तर मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली होती.

सोमनाथला समुद्राच्या कडेनं आम्ही चाललो होतो. भर दुपार, डोळे दिपवणारं ऊन. एका वळणावर आई थांबली. पिवळ्या भिंतीला टेकून सायकल उभी होती आणि मागच्या कॅरिअरला निळा डबा बांधलेला होता. बायकांनी तिथंच हात जोडले. एकीनं सायकलला नमस्कार केला. मी हसणार होते, पण हसू आलं नाही. डब्याची दोरी वाऱ्यानं हलत होती आणि आजूबाजूला माणूस म्हणून नव्हतं.

आईनं मला बाजूला घेतलं. "सपनात या सायकलीपाशी तुझे आबा उभे व्हते. मी बायांना तेवढं सांगितलं न्हाई."

"मग त्यांना देवाचं बोलावणं का म्हणू दिलंस?"

"म्या कुठं म्हणले? त्या म्हणल्या."

तर असा सगळा घोटाळा. बायका देवाच्या बोलावण्यानं हिंडत होत्या आणि आई नवऱ्याच्या मागावर होती. देऊळ नाही असं गाव या देशात सापडणं कठीण, त्यामुळे दोन्ही हिशेब बरोबर जुळत होते. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? करंडेवाल्या बाईचं बोट पुन्हा थबकलं असतं.

पुढच्या वर्षी आईला डोंगर दिसला, त्याला दोरीवर चालणारे पाळणे दिसले आणि पायथ्याला तुटक्या छत्रीखाली फुटाणे विकणारी म्हातारी दिसली. आम्ही पावागडला गेलो. छत्री तुटकी होती. म्हातारीनं आईकडे टक लावून पाहिलं, तिच्या हातात फुटाण्यांचा पुडा ठेवला आणि पैसे घ्यायला मान हलवून नकार दिला. आईनं तो पुडा पदरात बांधला आणि जालन्यापर्यंत सोडला नाही. मी विचारलं की बाई काय म्हणाली, तर आई म्हणाली, "तिला ठावं व्हतं." काय ठाऊक होतं, ते काही तिनं सांगितलं नाही.

त्यानंतर महेश्वर. तिथली गोष्ट मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

आईनं सांगितलं होतं की नदीला उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत आणि मला एकटीला हेही की आबा धोतर वाळत घालत आहेत. आम्ही पोचलो तेव्हा दुपारची वेळ होती, घाट रिकामा पडला होता. बायका वर किल्ल्यात साड्या बघत होत्या. आई सरळ खाली उतरत गेली, जणू तिला पायरी न् पायरी माहीत होती. एका पायरीवर पांढरं धोतर वाळत घातलेलं होतं. ओलं होतं, पाणी निथळत होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले होते, दोन एका टोकाला आणि एक मधोमध. आई त्याच्याजवळ बसली आणि मधल्या दगडावर तिनं हात ठेवला.

"असा मधी दगड कोण ठिवतं? सगळे कोपऱ्याला ठिवतात. हे मधी ठिवायचे. मी कितींदा बोलले, डाग पडतो म्हणून."

खाली एक नावाडी नावेत आडवा पडला होता. त्याला मी विचारलं, हे धोतर कुणाचं. तो उठलाही नाही. "बाबा का है. अभी तो यहीं थे. आपकी ही तरफ के हैं, आपकी तरह बोलते हैं."

मी धावले. वरच्या ओवऱ्या पाहिल्या, देवळं पाहिली, पलीकडच्या घाटावर गेले. दिसेल त्या म्हाताऱ्याचं तोंड बघत सुटले. मनात वाक्यं तयार होती, सगळी वाईट. आई तापात होती तेव्हा तुम्ही गेलात. माझी परीक्षा होती तेव्हा तुम्ही गेलात. घाम पुसत परत आले तर आई दोन पायऱ्या वर जाऊन बसली होती आणि धोतर नव्हतं.

"कुणी नेलं?"

"मी डोळे पुसले तेवढ्यात." आई शांत होती. "असू दे. चल."

मी वाकून पायरीला हात लावला. धोतर होतं ती जागा कोरडी होती. दगड तापलेला होता, त्यावर ओलीचा डागसुद्धा नव्हता. ऊन कडक होतं, पाणी लगेच सुकतं, असं मी स्वतःला तेव्हाही सांगितलं. शाळेत बाष्पीभवन मीच शिकवते. पण मघाशी पाणी निथळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बसमध्ये बसल्यावर शेजारची बाई मला माहेश्वरी साडीचा काठ दाखवत होती.

त्या वर्षी काकानं विषय काढला. काका वाईट माणूस नाही. आबांना शोधायला सगळ्यात जास्त तोच हिंडला. ओट्यावर बसून, आईकडे न बघता तो म्हणाला, "वहिनी, बारा वर्सं कवाच होऊन गेली. आता विधी करून घेऊ. दर्भाचा पुतळा करायचा, अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं बराबर करायचं. न्हाई केलं तर त्यांच्या जीवाला बी गती न्हाई अन् घरातल्या पोरांची लग्नं बी अडून राह्यली."

आमच्याकडे हरवलेल्या माणसाचं असं करतात. बारा वर्षं वाट पाहायची, मग गवताचा माणूस करून जाळायचा. त्या दिवसापासून बायको विधवा.

आई म्हणाली, "ज्याला मी दरसाल बघून राह्यले, त्याला जाळू कसं?"

"सपनात बघता वहिनी."

"मंग? दुसरीकडं कुठं दिसतेत ते?"

काका माझ्याकडे बघायला लागला. मी काकाच्या बाजूनं बोलले. संपवून टाकू एकदाचं, म्हणाले. मला त्या माणसाला जाळायचंच होतं, निदान गवताचा तरी. आई उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढची सहल बऱ्हाणपूरची. आईनं जुनी वेस सांगितली होती आणि वेशीला लागून चहाचं दुकान. वेस सापडली, दुकान सापडलं. बायका पुढे गेल्या, आम्ही दोघी बाकड्यावर बसलो आणि मी दोन चहा सांगितले. चहावाल्यानं तीन कप आणून ठेवले. दोन आमच्यासमोर आणि तिसरा बाकड्याच्या रिकाम्या टोकाला. मी म्हटलं, दोनच सांगितले होते. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वो आपके साथ नहीं हैं? जो अभी बैठे थे?"

रस्त्यावर कुणी नव्हतं. आईनं तिसरा कप उचलला नाही, कुणाला उचलूही दिला नाही. त्याच्यावरची वाफ संपेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

मग पुढची संक्रांत आली. हळदी-कुंकवाला बायका आईभोवती बसल्या. एकीनं विचारलं, "मावशी, औंदा कुठलं बोलावणं?"

आई म्हणाली, "रस्त्याच्या कडंला कडुलिंबाचं झाड हाय. खाली बाकडं हाय. पलीकडं कापसाचं वावर, येचणी झालेलं. पाटी हाय, केदारखेडा."

हशा पिकला. गटातल्या एकीचं सासर केदारखेड्याचं. ती म्हणाली, "मावशी, तिथं बस करून जाऊन काय बघायचं? माझी सासू?" सगळ्या पोट धरून हसल्या, थोरलीसुद्धा. भोकरदन तालुक्यातलं ते गाव, सकाळी निघालं तर दुपारच्या आत माणूस जाऊन परत येतं. तिथं कसलं बोलावणं? त्यांनी तिथल्या तिथं गणपतीपुळे ठरवलं. कित्येक वर्षांनी समुद्राचा हट्ट धरणारीचा हट्ट पुरा झाला. कुंकू लावताना बाईचं बोट आईसमोर पुन्हा थबकलं की काय ते मी पाहिलं नाही, कारण मी मोबाइल काढून बसले होते.

नकाशावर मी गावं बघत होते. द्वारका, सोमनाथ, पावागड, महेश्वर, बऱ्हाणपूर, केदारखेडा. रस्ते शोधायचं काम इतकी वर्षं माझं होतं, पण सगळी गावं एका नजरेत मी कधी बघितली नव्हती. कुणीतरी चालत आमच्याकडे येत होतं. थांबत थांबत, पण रस्ता न चुकता. खोलीत तिळगुळाचा वास होता आणि बायकांचं हसणं चाललं होतं.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "रविवारी आपण दोघीच जाऊ केदारखेड्याला. गाडी करते."

"आता आपण न्हाई जायाचं," ती तांदूळ निवडत म्हणाली. "आता ते येऊन राह्यले."

मी शिकलेली बाई आहे, पण त्यानंतर दाराची कडी वाजली की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघत राहायचे. ते आले तर मी काय बोलणार होते? आणि जे येतंय ते काय आहे, जिवंत माणूस की आणखी काही? आईला हे विचारायची माझी छाती झाली नाही. ती मात्र दिवसेंदिवस हलकी होत चालली होती. अंगण दोनदा झाडायची. आबांचा तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला होता.

गणपतीपुळ्याची बस वाटूर फाट्यावरून दुपारी निघणार होती. आई म्हणाली, बायांना पोचवून येऊ. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, डोक्यावर पदर घेतला, कुंकू ठसठशीत लावलं. मी तिची पिशवी घेऊन मागून चालले. फाट्यावर नेहमीसारखी वर्दळ होती, परतूरकडची, मंठ्याकडची, जालन्याकडची माणसं, उसाच्या रसाची गाडी, सिमेंटच्या रस्त्यावरून येणारी झळ. बस आली, बायका चढल्या, खिडक्यांतून हात हलले, बस गेली. आई रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली, जालन्याच्या बाजूला तोंड करून.

तेवढ्यात एका रिक्षावाल्यानं तिच्या अगदी पाठीशी येऊन हॉर्न दाबून धरला. म्हातारी दचकली. माझं डोकंच फिरलं. मी त्याला थांबवलं आणि फाडफाड बोलले. रस्ता तुझ्या बापाचा आहे का, दिसत नाही का, घरी आई नाही का. तोही काही कमी नव्हता. चार माणसं जमली. मी पुरतं बोलून घेतलं, त्यानं शेवटी रिक्षा मागे घेतली, आणि मग मी वळले. आई कडुलिंबाच्या सावलीत उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली, थोरल्या माणसासमोर उभी राहते तशी. ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा थांबले.

"चल घरी," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती मोरीत गेली, तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. पदरानं पुसून पुसून लाल झालं होतं.

मी ओरडले, "हे काय केलंस? कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच सांगितलं." ती भिंतीला टेकून बसली. "आल्ते ते. समुद्राला गेल्ते अंघोळीला, तितंच राह्यले, म्हणले. बसमधून उतरले त्याच दिशी. तवापासून चालून राह्यलेत. म्हणले, आता भावाला सांग बराबर करून टाक म्हणून. लई दमलेत गं."

मला रडू येत नव्हतं. इतक्या वर्षांची माझी वाक्यं होती, ती सगळी कुठे गेली कोण जाणे. मी एवढंच विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"तुझ्याकडंच बघून राह्यलते सारा येळ," आई म्हणाली. "मी म्हणले, हाक मारू का तिला? तर म्हणले, नको, भांडून राह्यली ती, भांडू दे. हसले. म्हणले, आवाज माझ्यावरच गेलाय पोरीचा."

काकानं आठवड्याच्या आत सगळं बरोबर केलं. गवताचा पुतळा मी माझ्या हातांनी बांधला, काकाला करू दिला नाही. तो जळत होता तेव्हा मी आबांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते, तर मला त्या रिक्षावाल्याचाच चेहरा आठवत होता. तोच मी नीट बघितला होता. कडुलिंबाकडे माझी पाठ होती.